समजलं म्हणणारा माणूस

६ जानेवारी

राजेशच्या ऑफिसातून दर वर्षी एक डायरी येते आणि शोकेसमध्ये पडून राहते. यंदाची शेवंतीने काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, "सकाळपासून माझा डोक्या खातास. आता हिका सांगा सगळा." पन्नास वर्षं मुंबईत राहून तिच्या बोलण्यातलं गाव गेलं नाही. माझं मिलमध्ये आणि नंतर मुलुंडच्या एका कारखान्याच्या गेटवर घासून गेलं.

तर सांगायचं असं, की रविवारी आमच्या सोसायटीची सभा झाली. बिल्डिंग पाडून नवी बांधायची आहे, त्याचा करार सेक्रेटरी वाचत होते. मी अकरा वेळा उठून "म्हणजे काय?" असं विचारलं. मला भाषण आवडतं म्हणून नव्हे. घर हातचं जाईल या भीतीने पाय आपोआप उभे राहत होते. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "धुरी, बसा हो आता, मला घरी जेवायचंय." राजेश घरी येऊन म्हणाला, "बाबा, सगळ्यांसमोर लाज काढलीत."

आज सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या नीला टिपणीस बाई दारात. मला वाटलं, तक्रार घेऊन आल्या. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "गुणाजीराव, मी तुमच्यासारखा माणूस किती वर्षं शोधतेय."

बाई कॉलेजात धर्माचं तत्त्वज्ञान शिकवायच्या. इंग्रजीत दोन पुस्तकं लिहिली आहेत. त्यांच्याच तोंडचं वाक्य, "दोन्ही पुस्तकांचे वाचक एका रिक्षात मावतील." आता तिसरं पुस्तक मराठीत लिहिताहेत. रोज दहा वाजता त्यांच्याकडे जायचं, त्या थोडंसं वाचून दाखवणार, मी ऐकायचं. जिथे कळणार नाही तिथे थांबवायचं, मग त्या ते पुन्हा सोपं करून लिहिणार.

मी म्हटलं, "बाई, मी सातवी पास आहे. तेही दोनदा बसून."

त्या म्हणाल्या, "म्हणून तर आले."

हो म्हणून बसलो. मला देवाधर्मातलं कळतं ते एवढंच, की चपला बाहेर काढायच्या.

८ जानेवारी

पहिला दिवस झाला. बाईंच्या घरात पुस्तकं इतकी की स्वयंपाकघराच्या फळीवरही चढली आहेत. त्यांच्याकडे स्वयंपाकाला नंदा येते. ती मला म्हणाली, "काका, इथे डाळीचा डबा काढायला गेलं की हातात धर्म येतो."

बाईंनी माझ्यापुढे एक स्टीलची वाटी आणि चमचा ठेवला. "मध्येच बोलायला अवघड वाटत असेल तर नुसतं वाजवा. मी थांबेन."

मग वाचायला लागल्या. आवाज चांगला आहे. अक्षरं कागदावर बोटभर मोठी छापून घेतली आहेत. मला 'आणि', 'परंतु', 'म्हणूनच' हे सगळे शब्द कळले. त्यांच्या मधलं काही कळलं नाही. वाचून झाल्यावर बाईंनी चष्मा काढला, पुढे वाकल्या आणि विचारलं, "कसं वाटलं? समजलं?"

तोंडातून निघून गेलं, "समजलं."

त्यांचा चेहरा असा उजळला की मग पुढे काय बोलणार.

१० जानेवारी

आजही समजलं म्हणालो. वाटी वाजवायला हात उचलतो, पण दुसऱ्याच्या घरी वाटी बडवायची म्हणजे वाढायला उशीर झाला असं सांगितल्यासारखं वाटतं.

एक मात्र कानात राहिलं आणि तेच त्रास देतंय. बाईंनी वाचलं, "देव आहे हे विधान करणारा आणि देव नाही हे विधान करणारा, दोघेही एकाच बाकावर बसलेले असतात." म्हणजे बाई नास्तिक की काय? मी नंदाला हळूच विचारलं. ती म्हणाली, "काका, मला काय विचारता. देव्हारा आहे, पण त्यात देवांच्या मागे टेलिफोनची बिलं ठेवतात."

बाईंना सरळच विचारलं, तुमचा पंथ कुठला. त्या हसल्या. म्हणाल्या, त्याला उत्तर-आधुनिक म्हणतात. मला अजून आधुनिकच नीट जमलेलं नाही. एटीएममध्ये राजेशला घेऊन जातो.

उद्यापासून खिशात तुळशीचं पान घेऊन जाणार. कानावर काय पडेल सांगता येत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. बाईंना तिळगूळ दिला. वाचन नव्हतं. फार बरं वाटलं.

२३ जानेवारी

आज वाचून झाल्यावर बाई इकडचं तिकडचं बोलल्या. मी विचारलं, इंग्रजीत एवढं नाव झालं, मग आता मराठीत कशाला हा खटाटोप?

बाई म्हणाल्या, "माझी आई चौथी शिकलेली. माझं पहिलं पुस्तक आलं तेव्हा ती कव्हरवरून हात फिरवून म्हणाली, नीला, यात काय लिहिलंयस ते एकदा सांग मला. मी म्हटलं, सांगते गं, सुट्टीत सांगते. मग पुढची सुट्टी, मग त्याच्या पुढची. राहूनच गेलं."

मग म्हणाल्या, "आता डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, वाचायचं असेल ते वर्षभरात वाचून घ्या. पुढची खात्री नाही. म्हणून घाई आहे. तुम्ही आहात म्हणून हिंमत येते, गुणाजीराव. तुम्हाला कळलं म्हणजे आईला कळलं असतं."

हे ऐकल्यावर मी चहात बिस्कीट बुडवलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "बिस्कीट छान आहे."

३० जानेवारी

आज घात झाला.

बाईंनी एक पान वाचलं आणि ते मला कळलं. सगळंच्या सगळं. त्यांच्या आईबद्दल होतं. आई संध्याकाळी दिवा लावायची. दिवा लावताना 'देव आहे' असं ती कधी म्हणाली नाही. पाहुण्याला म्हणावं तसं फक्त म्हणायची, "या, बसा." समोर कोणी बसलं की नाही, हे तिने कधी वळून पाहिलं नाही. पण रोज आधी जागा पुसून ठेवायची.

मला आमची आई आठवली. डोळे पुसायला हात वर नेला आणि कोपराचा धक्का लागून चमचा वाटीत पडला. खण्णकन आवाज झाला.

बाई थांबल्या. माझ्याकडे बघितलं. "एवढ्या दिवसांत पहिल्यांदा वाजवलंत," म्हणाल्या. "म्हणजे हे नक्कीच बिघडलंय. मलाही वाटत होतं, फार भाबडं झालंय." आणि पान फाडलं.

मी "अहो बाई, नाही, तसं" एवढं म्हणालो. त्या म्हणाल्या, "भीड धरू नका. वाजवलंत ते बरं केलंत." कागदाचे दोन्ही तुकडे नंदाने उचलले आणि त्यावर मेथी निवडायला बसली.

३१ जानेवारी

त्या पानाच्या जागी नवं पान आलं. त्यात दिवा नाही, आई नाही. 'आतिथ्याची अशक्यता' असं काहीतरी आहे. बाईंनी विचारलं, "आता?"

"आता समजलं," म्हणालो.

माझ्यासारखा माणूस नरकात कुठल्या खोलीत ठेवतात, हे बाईंच्या पुस्तकात असेल तर तेवढं मात्र मला कळेल.

१२ फेब्रुवारी

बाईंकडे आज प्रकाशनाकडून मिहिर नावाचा गृहस्थ आला होता. चाळिशीचा असेल, फार नम्र. बाईंसमोर चाचरत म्हणाला, "मॅडम, विषय मोठा आहे, पण सामान्य वाचकाला जरा जड जाईल असं वाटतं मला."

बाईंनी माझ्याकडे हात केला. "हे माझे सामान्य वाचक. सातवी शिकलेत. गेला महिनाभर रोज ऐकताहेत. विचार त्यांना."

मिहिर माझ्याकडे वळला. "काका, खरंच कळलं सगळं?"

मी मान हलवली. आडवी हलवली की उभी, मलाच माहीत नाही. त्यांनी उभी धरली.

"मग प्रश्नच मिटला," मिहिर म्हणाला. "मी उगाच घाबरत होतो. जसं आहे तसं घेऊ. वीस मार्चला छपाईला पाठवू, पाडव्याला पुस्तक हातात." मग बाईंनी प्रस्तावनेतली ओळ वाचून दाखवली. 'या पुस्तकाची प्रत्येक ओळ आमचे शेजारी श्री. गुणाजी धुरी यांना समजली आहे. तेव्हा ती कोणालाही समजेल.'

माझं नाव छापून येणार. आजवर माझं नाव फक्त मतदारयादीत छापून आलंय, तेही गुणाबाई म्हणून.

१३ फेब्रुवारी

शेवंतीला सगळं सांगितलं. तिने भाकरी थापता थापता ऐकलं.

"कळला नाय तर नाय म्हणून सांगूक काय झाला?"

"अगो, एवढी शिकलेली बाई."

"मगे? शिकलेल्या बायकांका खोटा चलता?"

"वाईट वाटलं असतं गो त्यांना."

"आता बरा वाटतला. पुस्तक इल्यावर लोक म्हणतले, ह्या कोणाक समाजला? त्या गुणाजी धुरीक. मगे तुमच्या दारात रांग लागतली. सांगत बसा एकेकाक."

हे मला सुचलंच नव्हतं. आमच्या मजल्यावरच्या देशपांड्यांनी जिन्यात गाठून "काका, जरा तिसरं प्रकरण समजावून सांगा" असं म्हटलं तर? आता जिन्याने जाणं बंद. लिफ्टने जातो, लिफ्टमध्ये वेळ कमी असतो.

२३ फेब्रुवारी

आज भांडुपला आमच्या गावच्या मंडळाची सत्यनारायणाची पूजा होती. शेवंतीने परस्पर बाईंना आमंत्रण देऊन टाकलं. बाई आल्या, बायकांत मांडी घालून बसल्या, दोनदा खिचडी घेतली.

आरतीनंतर गाऱ्हाणं झालं. आमच्याकडे पूजेच्या शेवटी एक जाणता माणूस उभा राहून गावच्या वतीने देवाला सगळं सांगतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमचे सीताराम दादा गाऱ्हाणं घालतात. वय ऐंशी, पण आवाज अजून भोंग्यासारखा.

"बा देवा म्हाराजा, कोणाची नोकरी अडली आसात, ती मार्गाक लाव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"कोणाच्या टॉवरचा काम बिल्डरान अर्ध्यार सोडल्यान आसात, त्या बिल्डराक सद्बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." याला आवाज सगळ्यात मोठा आला.

मी लहानपणापासून "व्हय" म्हणणाऱ्यांतला. पुढची ओळ ऐकू आली नाही तरी तोंड आपोआप म्हणतं. सीताराम दादांना मध्ये खोकला आला, त्यालाही मी आणि दोघाचौघांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. लोक हसले. बाईही हसल्या, मग हसता हसता थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

परत येताना रिक्षात बाईंनी विचारलं, "गुणाजीराव, सगळ्यालाच व्हय म्हणतात?"

"सगळ्यालाच. मध्ये थांबून चालत नाही."

"असं," म्हणाल्या. मुलुंड येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. खिचडी बाधली की काय, काळजी वाटते.

२४ फेब्रुवारी

आजचं पान फारच खोल होतं. रोजच्यापेक्षाही कठीण. मुद्दाम एक वाक्य पाठ करून आलो, शेवंतीला सांगायला. 'अभावाची फोडणी भावाच्या कढीत विरघळत नाही, म्हणून ईश्वर दर गुरुवारी दक्षिणेकडून अनुत्तरित असतो.' गुरुवार म्हणजे दत्ताचा वार, तेवढं मी जुळवलं. दक्षिणेचं जुळलं नाही. वाचन चाललं असताना आत नंदाला ठसका लागला. फोडणीचा नसावा, गॅस बंद होता.

बाईंनी नेहमीसारखं विचारलं, "समजलं?"

"समजलं."

"काहीच अडलं नाही?"

"नाही बाई. उलट आज जास्तच स्पष्ट वाटलं."

बाईंनी कागद घडी करून ठेवला, चष्म्याच्या काचा पुसल्या. "उद्या नका येऊ," म्हणाल्या. "मी सांगेन केव्हा यायचं ते."

पुस्तक संपत आलं असावं.

२७ फेब्रुवारी

तीन दिवस निरोप नाही. नंदा जिन्यात भेटली. (लिफ्ट बंद होती.) म्हणाली, बाई लिहीत नाहीत, वाचत नाहीत, खिडकीशी बसून असतात. मी विचारलं, तब्येत? ती म्हणाली, "तब्येतीला काय धाड भरलीय. काका, एक सांगू? तुम्ही लय भोळे आहात यार." आणि दुधाची पिशवी घेऊन वर गेली. आता यात भोळं असण्याचा काय संबंध.

मला वाटतं डोळ्यांचं वाढलं. बाई सांगत नाहीत. आणि वाढलं असेल तर त्याला मी कारण आहे. दोन महिने त्या रोज बोटभर अक्षरं लावून माझ्यासाठी वाचत बसल्या. वर्षातले दोन महिने. डोळ्यांचे तेवढे महिने मी खोटं बोलून खाल्ले. आजवर कारखान्याच्या गेटवरून कोणाला एक खिळा नेऊ दिला नाही आणि इथे हे केलं.

बीपीची गोळी दोनदा घेतली की एकदा, तेही आठवत नाही.

१ मार्च

सांगितलं.

सकाळी अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून गेलो. शेवंती दारापर्यंत आली. म्हणाली, "नोकरीक चललास की फाशीक?" बाईंनी दार उघडलं. मी आत न जाता उंबऱ्याबाहेरूनच म्हटलं, "बाई, मला काही कळलं नाही."

"कशातलं?"

"पुस्तकातलं. पहिल्या दिवसापासून. मी रोज खोटं बोललो. तुमचे डोळे वाया घालवले. प्रस्तावनेतून माझं नाव काढा आणि मिहिररावांना थांबवा. लोक तुम्हाला हसतील आणि त्याला मी कारण होईन."

एवढं एका दमात बोललो आणि रडू यायला लागलं, म्हणून चपला बघत राहिलो.

बाई म्हणाल्या, "आत या. मला सोमवारीच कळलंय. दर गुरुवारी दक्षिणेकडून अनुत्तरित असणारा ईश्वर तुम्हाला स्पष्ट दिसला ना, तेव्हा."

माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. आतून नंदा म्हणाली, "काका, फोडणी कढीत विरघळत नाही हे मी पण सांगितलं असतं."

मला वाटलं आता बाई ओरडतील. त्या म्हणाल्या, "चार दिवस मला तुमचा राग आला होता. मग बसल्या बसल्या वाटलं, ह्या माणसाने कधी वाटी वाजवली नाही, तर मी तरी कुठे कधी विचारलं, की काय समजलं ते सांगा? समजलं एवढं ऐकलं की मला पुरायचं. पस्तीस वर्षं वर्गात मुलं अशीच माना हलवायची. मला ते आवडायचं, गुणाजीराव. तुम्ही माझी जुनी सवय पुरवलीत."

मी चपला काढून आत गेलो.

"आता खरं सांगा. एकही ओळ कळली नाही?"

"एक पान कळलं होतं," मी म्हटलं. "पण ते तुम्ही फाडलंत." आणि चमचा कसा पडला ते सांगितलं.

बाईंनी डोक्याला हात लावला. "नंदा, तो कागद?"

"त्याला महिना झाला बाई. मेथीबरोबर गेला."

मी म्हटलं, "मला पाठ आहे." आणि म्हणून दाखवलं. आई, दिवा, "या, बसा", पुसलेली जागा. एखाददुसरा शब्द माझा पडला असेल. बाई लिहून घेत होत्या. त्यांचं लिहिणं मध्येच थांबलं, पण मी न थांबता म्हणत राहिलो. संपल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्यापेक्षा तुम्ही बरं लिहिलंय. मी 'जागा पुसून ठेवायची' यापुढे आणखी चार ओळी स्पष्टीकरण दिलं होतं."

"ते मी विसरलो."

"विसरलात ते बरं."

मग बाईंनी विचारलं, "सीताराम दादांच्या खोकल्याला तुम्ही व्हय म्हणालात. ते तरी खरं होतं की तेही असंच?"

मी विचार केला. म्हटलं, "बाई, तिथे ते कळण्याचं नसतं. ज्याचा टॉवर अडकला त्याच्यासाठी मीही मागतो, माझा टॉवर नसला तरी. एकट्याने मागायला माणसाला लाज वाटते. म्हणून सगळ्यांनी आवाज द्यायचा. खोकल्याला पण दिला तर काय बिघडलं, म्हाताऱ्याचा खोकला बरा होईल."

बाईंनी हेही लिहून घेतलं. मला भीती वाटते, हे सगळं छापतील.

३ मार्च

बाईंनी माझ्यासमोर मिहिरला फोन केला. पुस्तक पाडव्याला येणार नाही, मी पहिल्यापासून लिहितेय, म्हणाल्या. फोनमधून त्याचा आवाज मला ऐकू येत होता. "मॅडम, कव्हर छापून आलंय. आणि त्या काकांना तर सगळं समजलं होतं ना?"

"काकांचं मत बदललंय," बाई म्हणाल्या.

मग डोळ्यांचं काय, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "वाचता येईनासं झालं तर बोलेन आणि नंदा लिहील." नंदा म्हणाली, "माझं अक्षर बघितलंय का? डोळे चांगले असलेल्याला पण वाचता येत नाही."

१९ मार्च

सोळा दिवसांत सात पानं झाली. मी आता वाटी वाजवत नाही, सरळ बोलतो. "हा शब्द काढा." "हे दोनदा झालं." "इथे कोण बोलतंय?" काल एका पानावर सतरा वेळा थांबवलं, तेव्हा बाई वैतागून म्हणाल्या, "गुणाजीराव, तुम्ही खोटं बोलत होतात तेव्हा फार गोड होतात."

मनाला लागलं. घरी आल्यावर शेवंतीला सांगितलं. ती म्हणाली, "माका पन्नास वर्सां झाली. तुम्ही कधी गोड नव्हतास."

३० मार्च

पाडवा. बाईंनी गुढी उभारली नव्हती, म्हणून शेवंती वर जाऊन आंब्याच्या पानांचा टाळा आणि साखरेची माळ देऊन आली. बाईंनी प्रस्तावना बदलली आहे, ती मला वाचून दाखवली. 'हे पुस्तक माझे शेजारी श्री. गुणाजी धुरी यांना समजलं नाही, आणि तसं त्यांनी मला सांगितलं. म्हणून ते पुन्हा लिहिलं.'

नाव काढा म्हटलं होतं, ते काढलंच नाही. आता छापून येणार की मला समजलं नाही. हे मानाचं की अपमानाचं, हे कोणाला विचारावं? राजेशला विचारलं तर तो म्हणाला, "बाबा, झकास आहे. फ्रेम करू." शेवंती म्हणाली, "निदान खरा तरी आसा."

११ एप्रिल

आज मोठंच झालं आणि चूक माझी आहे असं वाटतंय.

बाईंनी नवीन पान वाचलं. ते मला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कळलं, कुठेही थांबवावं लागलं नाही. त्यात असं होतं की ऐकणारा कोणी असो वा नसो, प्रार्थना वाया जात नाही. मागताना माणूस स्वतःच्या बाहेर येतो, शेजाऱ्याचं दुःख त्याच्या तोंडी येतं, तेच प्रार्थनेचं फळ. भांडुपचं गाऱ्हाणं त्यात चांगलं बसवलं आहे. सीताराम दादांचा खोकलाही.

वाचून झाल्यावर बाईंनी विचारलं, "काय समजलं, सांगा." आता त्या असंच विचारतात.

मी सांगितलं. बरोबर सांगितलं. बाईंनी मान हलवली.

मग मी म्हटलं, "पण हे मला पटलं नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "का?"

तेव्हा मला आवरायला हवं होतं. मी म्हटलं, "बाई, तुमचं पुस्तक आहे, तुम्ही शिकलेल्या. पण राजेश लहान असताना त्याला टायफॉइड झाला होता, एकवीस दिवस ताप उतरत नव्हता. मी हॉस्पिटलच्या जिन्यावर बसून गाऱ्हाणं घातलं. एकटाच. व्हय म्हणायलाही कोणी नव्हतं, मीच मागत होतो आणि मीच व्हय म्हणत होतो. तेव्हा मला कोणी सांगितलं असतं, की अरे, ऐकणारा असो नसो, तू स्वतःच्या बाहेर आलास हेच फळ, तर मी त्याला जिन्यावरून ढकलून दिलं असतं. मला फळ नको होतं. मला कोणीतरी ऐकायला हवं होतं. तुमच्या आईने तरी जागा कोणासाठी पुसली? पुसण्यासाठी पुसली काय?"

पंख्याने कागद उडाला तो बाईंनी धरला नाही, नंदाने येऊन धरला. मी माफी मागायला लागलो तर हाताने थांबवलं. मग म्हणाल्या, "मी पस्तीस वर्षं हे शिकवलं. परिषदांमध्ये वाचलं. लोकांनी इकडचे तिकडचे दाखले देऊन वाद घातले. जिन्यावर बसून कोणी बोललं नव्हतं." आणि उठून आत गेल्या.

मी जरा वेळ थांबलो, मग खाली आलो. जेवण गेलं नाही. शेवंतीला म्हटलं, बाईंना दुखावलं मी. एवढ्या वर्षांचं त्यांचं काम, आणि मी सातवी पास माणूस जिन्यावरून ढकलायच्या गोष्टी करतो. समजलं म्हणत होतो तेच बरं होतं. शेवंती म्हणाली, "जेवा आधी. दुखावलेल्यो बायका शेजाऱ्याकडे भाजी धाडनत नाय." कारण तेवढ्यात नंदा वाटीभर फणसाची भाजी घेऊन दारात उभी होती. भाजीबरोबर एक चिठ्ठी. बाईंचं अक्षर आता फार मोठं झालंय, एका कागदावर चारच ओळी मावतात.

'गुणाजीराव, तुम्ही म्हणता ते मला मान्य नाही. पण ते खोडता येत नाही. सकाळपासून प्रयत्न करतेय. उद्या दहाऐवजी नऊला या.'